हाकेचे नाव

सरकारी नोकराला दोन नावे असतात. एक सेवापुस्तिकेत असते. ते पूर्ण असते, आडनावासह असते, आणि त्यातील एका अक्षराचा फरक थेट निवृत्तिवेतनाच्या कागदापर्यंत पाठलाग करीत येतो. दुसरे नाव कोणत्याही कागदावर नसते. ते केवळ हाक मारण्यापुरते असते. नोकरीनिमित्त मनुष्य परप्रांती निघतो तेव्हा पहिले नाव तो बरोबर घेतो आणि दुसरे उंबरठ्यावर ठेवून येतो, कारण ती हाक मारणारी माणसे तेथेच राहतात. दिल्लीस येऊन आम्हांला अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत आमचे पहिले नाव किती टिप्पण्यांखाली उमटले याची गणती नाही. दुसरे मात्र दूरध्वनीवरून कानी पडे तेवढेच. या शहराच्या हवेत ते कोणी उच्चारलेले नव्हते.

मांजराचे याच्या अगदी उलट असते. त्याला दप्तरी नाव नसते. जी असतात ती सारी हाकेचीच. आणि ती किती असावीत याला मर्यादा नाही. रामकृष्णपुरमच्या आमच्या टाइप-दोन क्वार्टरात गेली चार वर्षे एक मांजर राहते. अंगावर करडे पट्टे, पोट पांढरे, आणि चर्येवर असा भाव की क्वार्टर तिच्या नावे मंजूर झाले असून आम्ही तेथे तात्पुरते उतरलो आहोत. तिचे मूळ नाव मनी. हे नाव ठेवण्यासाठी आम्हांला फारसा विचार करावा लागला नाही. मराठी घरात आलेल्या मांजरीचे नाव मनी आणि बोक्याचे मन्या, हा परंपरेने ठरलेला नियम आहे, आणि नियम मोडण्याची आमच्या सेवावर्गात पद्धत नाही.

परंतु नाव ठेवले त्याच दिवसापासून त्याला फांद्या फुटू लागल्या. पहाटे दुधाची पिशवी उघडली की ती पायांत घोटाळते. त्या वेळी ती मनूताई असते. खिडकीतल्या उन्हात पाठ टेकून चारी पाय वर करून पडली, की लोळणबाई. रात्री मांडीवर येऊन गुरगुरू लागली, की मनुली. पाहुण्यांसमोर तोऱ्याने शेपटी उभारून गेली, की ठमाकाकू. एकदा तिने तुपाच्या वाटीत तोंड घातले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी तिला भवानी आणि अवदसा या दोन पदव्या एकाच श्वासात दिल्या. आणि त्यानंतर महिनाभराने ती आजारी होऊन कोपऱ्यात पडून राहिली तेव्हा त्याच सौभाग्यवती तिच्या अंगावरून हात फिरवीत ‘माझी बाय ती’ असे म्हणत अर्धी रात्र बसून होत्या. आम्ही स्वतः तिला दिलेले नाव कचेरीतले आहे. घरी आणलेल्या कागदांवर ती नेमकी येऊन बसते, ते वाचत नाही, पुढे सरकू देत नाही, आणि उठविले असता नाराजी दर्शविते. म्हणून आम्ही तिला अवर सचिव म्हणतो. हे नाव अर्थात घराबाहेर उच्चारले जात नाही.

विचार केला म्हणजे वाटते, की ही सारी किमया मराठी भाषेची आहे. लाडाचे प्रत्यय आपल्याकडे इतके आहेत की एका ‘मनी’वर त्यांचा संपूर्ण तक्ता मांडता यावा. मनुली, मनुडी, मनूबाई, मनूराणी, मनाबाई! केवळ शेवटचा स्वर बदलून ‘मने!’ म्हटले तर त्यात राग असू शकतो आणि लाडाची परिसीमाही असू शकते. कोणती, ते आवाज ठरवितो. देवांना आपण विठोबा, खंडोबा, म्हसोबा म्हणतो, आणि त्याच प्रत्ययाने गल्लीतल्या उनाड बोक्याचा बोकोबा करतो. देवाला आणि बोक्याला एकच प्रत्यय लावण्याचा मोकळेपणा ज्या भाषेत आहे तिच्यात जिव्हाळ्याला शब्द कमी पडण्याचे भय नाही. कोकणात मांजरीला भाटी असाही शब्द आहे. आमच्या लातूरकडे तर मांजरा नावाची नदीच वाहते. तेव्हा मार्जारप्रेम आम्ही पाण्याबरोबरच प्यालो आहोत असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि मराठी नावाला परप्रांती काही अडचणी सोसाव्या लागतात. आमची मनी दिवे लागणीच्या सुमारास फिरावयास जाते आणि तिला परत बोलाविण्यासाठी आम्हांला जिन्यात उभे राहून ‘मनी, ए मनी, ये ग लवकर’ असा पुकारा करावा लागतो. केंद्र सरकारच्या एका लिपिकाने रोज संध्याकाळी सर्वांदेखत इतक्या आर्त स्वराने ‘मनी’ला बोलवावे, याचा शेजाऱ्यांनी प्रथम भलताच अर्थ केला. खालच्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ आम्हांला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, ‘भाईसाहब, ऐसे बुलाने से आती तो हम भी बुला लेते.’ पुढे रेबीजची लस टोचून घेण्यासाठी तिला पशुवैद्याकडे नेले, तेव्हा नोंदणी करणाऱ्या तरुणाने तिचे नाव इंग्रजीत एम-ओ-एन-ई-वाय असे लिहिले आणि पुढे आमचे आडनाव जोडले. ते कार्ड आमच्या संग्रही आहे. आमच्या आडनावाशी पैशाचा संबंध जोडणारा हा एकमेव अधिकृत दस्तऐवज होय.

सरकारी वसाहतीतील जिना म्हणजे लहानसा भारत देश असतो. आमच्या जिन्यात एक बंगाली कुटुंब आहे, एक तेलुगू आहे, आणि समोर पंजाबी आहेत. मनी या सर्वांच्या घरी आपापल्या वेळी हजेरी देते, आणि प्रत्येक घरी तिला वेगळे नाव आहे. बंगाली वहिनी तिला मेनी म्हणतात. बंगालीत मांजरीला मेनी आणि बोक्याला हुलो म्हणतात हे ऐकून आम्हांला दूरचा आप्त भेटल्याचा आनंद झाला. समोरच्या माताजी तिला बिल्लो म्हणतात. तेलुगू घरातील मुले पिल्ली म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत मांजराला तोच शब्द आहे. परंतु हिंदीत पिल्ला म्हणजे कुत्र्याचे पोर, म्हणून त्या हाकेने वसाहतीतील इतर मुलांमध्ये काही काळ मोठा घोटाळा माजला होता. मराठीत मांजर वाघाची मावशी आहे, तर हिंदीत ती शेराची मौसी आहे. प्रांत बदलला, भाचा बदलला. मावशीपण मात्र कायम राहिले. राजभाषा नियम १९७६ अन्वये महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात येतो आणि दिल्ली ‘क’ क्षेत्रात. मनी रोज संध्याकाळी एका वाटीपासून दुसऱ्या वाटीपर्यंत जाताना ही सर्व क्षेत्रे ओलांडते, आणि तिला कोठेही अनुवाद लागत नाही.

मांजराला नाव द्यावे कसे, हा प्रश्न थोरामोठ्यांनाही पडलेला दिसतो. अमरसिंहाने आपल्या कोशात मांजराची जी नावे दिली आहेत त्यांत मार्जार आहे, बिडाल आहे, आखुभुक आहे. मार्जार म्हणजे सतत अंग पुसून स्वच्छ राहणारा. आखुभुक म्हणजे उंदीर खाणारा. नावे यथार्थ आहेत, परंतु ती हुद्द्यासारखी आहेत. त्यांवरून काम कळते, हाक मारता येत नाही. संध्याकाळी जिन्यात उभे राहून ‘हे आखुभुक’ असा पुकारा कोण करील? त्या मानाने हितोपदेशकार नारायण पंडित अधिक घरगुती वाटतात. त्यांच्या एका मांजराचे नाव दधिकर्ण आहे, म्हणजे दह्यासारख्या पांढऱ्या कानांचा. हे नाव ठेवणाऱ्याने निदान मांजराकडे डोळे भरून पाहिले होते. या दधिकर्णाची कथा प्रत्येक लिपिकाने वाचावी. सिंहाची आयाळ कुरतडणाऱ्या उंदराचा बंदोबस्त करण्यासाठी त्याला गुहेत नेमले होते, आणि उंदीर जिवंत होता तोवर सिंह त्याला नित्य मांस देत असे. एके दिवशी दधिकर्णाने उंदीर मारला. त्यानंतर सिंहाला त्याच्या भोजनाची आठवण राहिली नाही. काम पूर्ण करण्यातील धोका इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितला असेल असे आम्हांला वाटत नाही.

देशाबाहेर पाहिले तरी हेच दिसते. प्राचीन इजिप्तमध्ये मांजराला मिऊ म्हणत, चिनी भाषेत माओ म्हणतात, आणि आमची सहा वर्षांची कन्या माऊ म्हणते. म्हणजे या बाबतीत जगाने मांजराचेच म्हणणे मान्य केले आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन थडग्यात नेजेम हे मांजराचे नाव आढळते, आणि त्याचा अर्थ गोड असा आहे. ज्यांनी दगडात राजांची लांबलचक बिरुदे कोरली त्यांनीही मांजराला मात्र ‘गोड’ एवढीच पदवी दिली. इंग्रजीचा प्रख्यात कोशकार डॉक्टर जॉन्सन याने १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला. शब्दांचा एवढा सागर ज्याच्या ताब्यात होता त्याने आपल्या मांजराला नाव दिले हॉज, म्हणजे इंग्लंडातील शेतमजुराला सरसकट मारावयाची हाक. आपल्याकडे मुंबईत गड्याला रामा म्हणत, तसे. या हॉजसाठी तो स्वतः बाजारात जाऊन कालवे आणी, कारण नोकराला पाठविले तर त्याच्या मनात मांजराविषयी अढी बसेल अशी त्याला भीती वाटे. जपानी लेखक नात्सुमे सोसेकी यांची ‘मी मांजर आहे’ ही कादंबरी १९०५ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातील मांजराला नावच नाही. परंतु स्वतःविषयी बोलताना ते जे सर्वनाम वापरते ते साध्या ‘मी’चे नसून मोठ्या रुबाबाच्या ‘आम्ही’चे आहे. प्रस्तुत लेखकाच्या ‘आम्ही’बद्दल कोणी आक्षेप घेतल्यास हा पूर्वदाखला विचारात घेण्यात यावा.

आता प्रश्न असा, की इतकी नावे ठेवून मांजराला त्यांतले कळते काय? याची चौकशी जपानातच झाली आहे. टोकियो येथील सोफिया विद्यापीठातील अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मांजराला एकामागून एक चार साधे शब्द ऐकवावयाचे, त्या कंटाळवाण्या पाठाने त्याचे लक्ष उडाले की मग त्याचे नाव उच्चारावयाचे, अशी त्यांची रीत होती. नाव ऐकताच अनेक मांजरांनी कान हलविले किंवा मान वळविली, आणि परक्या माणसाने हाक मारली तरीही हे घडले. म्हणजे नाव कळते. जेथे गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी पुष्कळ मांजरे एकत्र ठेवलेली असतात अशा उपाहारगृहातील मांजरांना मात्र आपले नाव आणि सोबत्याचे नाव यांतला भेद करता आला नाही. याच संशोधिकेच्या २०१३ सालच्या प्रयोगात असे आढळले होते, की मांजर धन्याचा आवाज ओळखते, कान टवकारते, पण उठून येत मात्र नाही. हे वाचून आम्हांला आश्चर्य वाटले नाही. हाक ऐकू येणे आणि हाकेला जाणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत हे कोणत्याही कचेरीत घंटा वाजली असता पाहावयास मिळते.

परंतु नावांचा खरा उपयोग मांजराला किती आणि आम्हांला किती, याचा विचार आम्ही अलीकडे करू लागलो आहोत. कचेरीत आम्ही हिंदी आणि इंग्रजी लिहितो. बाजारात, बसमध्ये, जिन्यात हिंदी बोलतो. आमची कन्या शाळेतून येते ती हिंदीतच उंबरठा ओलांडते. आम्ही मराठीत विचारतो आणि ती हिंदीत उत्तर देते. दूर नेमणुकीवर असलेल्या अनेक वाचकांच्या घरी हाच व्यवहार चालत असेल. त्याबद्दल मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या भाषेत सवंगडी खेळतात ती मुलांची भाषा. मात्र आमच्या कन्येची एक ठाम समजूत आहे, की मनीला हिंदी येत नाही. मेनी आणि बिल्लो या नावांनी ती शेजारी दूध पिऊन येते हे ठाऊक असूनही ही समजूत ढळलेली नाही. ‘बाबा, वो तो दूसरों के घर नाटक करती है,’ असे तिचे स्पष्टीकरण आहे. त्यामुळे मनीशी ती मराठीतच बोलते. ‘मने, किती ग हट्टी तू! पाय पुसून ये बघू,’ असे तिचे बोलणे आतल्या खोलीतून ऐकू येते आणि आम्ही हातातले काम थांबवून ऐकत राहतो. तिच्या तोंडचे रागाचे, लाडाचे, धाकाचे आणि समजुतीचे सारे मराठी त्या मांजराने जतन केले आहे. आम्ही पुस्तके आणली, अंकलिपी आणली, गोष्टी सांगितल्या. त्यांचाही उपयोग झाला असेलच. पण ज्या जिवाला ही भाषा लागते असे तिला वाटते तो जीव घरात एकच आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मातोश्री लातूरहून दिल्लीस आल्या. मनीला त्या वेळी एक पिल्लू झाले होते, काळेभोर आणि अत्यंत खादाड. मुलीने त्याचे नाव ठेवावयाचे आजीवर सोपविले. आजीने क्षणभरही विचार केला नाही. दुपारी आम्ही ओट्याशी उभे असताना मागून हाक आली, ‘बाळ्या, ये रे लेकरा, दूध पिऊन घे!’ पिल्लाने मान वळविली, आणि त्याच क्षणी आम्हीही वळविली. मुलगी टाळ्या पिटून हसू लागली. तिच्या वडिलांना असे काही नाव होते हे तिला तोवर ठाऊकच नव्हते. मातोश्री मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘तुला हाक मारायला मी एकलीच उरले की रे आता. हे नाव पडून राहण्यापेक्षा वापरात असलेलं बरं.’ वडील गेले, आजोळची मंडळी गेली, थोरले काका गेले. प्रत्येकाबरोबर ती हाक एकेका आवाजाने कमी होत गेली होती, आणि हा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. मातोश्रींनी तो मांडला होता. आता सकाळसंध्याकाळ आमच्या घरात ते नाव घुमते. मुलगी ते काळ्या पिल्लाला उद्देशून घेते, आणि मध्येच खोडकर नजरेने आमच्याकडे पाहते.

मांजर माणसापेक्षा घराला धरून असते अशी समजूत आहे, आणि सरकारी घर तर कोणाचेच नसते. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात जुन्या वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर ही त्यांतली काही नावे. १२,९७० घरांच्या जागी २५,६६७ घरे बांधण्याची ती योजना होती. २०१८ साली तेथील झाडे तोडण्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. झाडांसाठी लोक बोलले हे योग्यच झाले. घरे रिकामी होत होती त्या दिवसांत संध्याकाळी तिकडून जाताना आम्हांला दारे काढून नेलेल्या क्वार्टरांच्या पायऱ्यांवर मांजरे बसलेली दिसत. त्यांना नावे असणार. ज्यांनी ती ठेवली त्यांचे सामान मात्र केव्हाच हलले होते.

त्यांतील एका वसाहतीत आमच्या परिचयाचे एक मराठी गृहस्थ राहत असत. निवृत्त होऊन ते पुण्यास गेले. घरात म्हातारी मांजर होती. इतक्या लांबचा प्रवास तिला सोसला नसता. शेजारच्या ओडिया कुटुंबाने तिला सांभाळण्याचे कबूल केले. या गृहस्थांनी आयुष्यभर कचेरीत कार्यभाराची यादी केल्याशिवाय खुर्ची सोडली नव्हती, त्याप्रमाणे त्यांनी मांजराचीही यादी करून दिली. दूध किती, मासळी कोणत्या वारी, पाठीवर कोठे खाजविलेले चालते, आणि शेवटच्या कलमात देवनागरीत मोठ्या अक्षरांत तिच्या हाकेची नावे: ‘बाळी. फार रुसली तर बाळूबाई.’ पुढे ते ओडिया कुटुंबही दुसऱ्या वसाहतीत गेले आणि जाताना मांजरीला टोपलीत घालून घेऊन गेले. आम्ही एकदा त्यांच्याकडे गेलो असता स्वयंपाकघरातून गृहिणीचा आवाज आला, ‘बाळूबाई, ये ग!’ उच्चार त्यांच्या पद्धतीचा होता, पण त्यातला ‘ग’ अस्सल आपला होता. त्या घरात मराठी जाणणारे कोणी नव्हते.

आमच्यापैकी प्रत्येकाच्या नावे आज ना उद्या कार्यमुक्तीचा आदेश निघावयाचा आहे. पंखे, नळ, दिव्याची बटणे आणि किल्ल्या मोजून द्याव्या लागतात. त्यांचा नमुना ठरलेला आहे. त्या नमुन्याच्या तळाशी थोडी कोरी जागा असते. ज्यांच्या दारी एखादी मनी असेल त्यांनी तेथे तिची सारी नावे सुवाच्य अक्षरांत लिहावीत, आणि कोणत्या नावाने ती लवकर येते तेही नमूद करावे.